क्लचवरचा पाय

हत्तुरेंच्या ट्रान्सपोर्टात मुनीम विचारतो,
लाइनचा अनुभव?
मी म्हणतो, अकरा वर्षं.
लाइनचा, म्हणतो तो, पेन तसंच धरून.

लाइनचा नाही.
अकरा वर्षं सुताचे कोन.
गोडाऊन ते माग, माग ते गोडाऊन,
अशोक चौक, अक्कलकोट रोड, विडी घरकुल,
दुपारी घरी येऊन भाकरी.
दिवसाला साठेक किलोमीटर.
काल रात्री भूदेवीच्या विड्यांच्या वहीमागे हिशेब केला,
दोन लाख होतात, साहेब.
दिल्ली सव्वाशे वेळा आली असती
शहराच्या बाहेर न पडता.

मुनीम हसला नाही.
मागच्या बोळाकडे हनुवटी केली:
ती चौदा टायरची तिथं लाव. उलटी.

आता उलटी म्हणाल तर,
मागवाल्यांच्या बोळात
वाळत घातलेले टॉवेल, कुणाच्या तरी लग्नाचा मांडव,
आणि मधोमध झोपलेलं एक कुत्रं, जे हॉर्नला उठत नाही,
नावानं हाक मारावी लागते.
यांच्यातून मागं मागं जात माझे केस पिकले.
गाडी लांब होती, आरशात मावेना.
भिंतीपासून चार बोटं सोडून उतरलो
तेव्हा चहाचा ग्लास हातात धरलेला
एक पांढऱ्या दाढीचा माणूस म्हणाला,
याला माझ्याबरोबर द्या.

मैनोद्दीन नदाफ.
एवढंच बोलला तो, आणि मग तांदुळवाडीपर्यंत काहीच नाही.
मागं ताडपत्रीखाली टॉवेलच्या गठड्या, विजयवाड्याच्या.
नळदुर्ग गेल्यावर त्यानं गाडी माझ्या हाती दिली.

रस्ता सरळ.
सरळ म्हणजे किती सरळ
ते आम्हा गल्लीतल्या माणसांना ठाऊक नसतं.
कुणी हात करत नव्हतं.
कुणी, अंबादास, जाता जाता दोन पोती टाक रे, म्हणत नव्हतं.
उलटं घ्यायचं तर कामच नाही.
जे येत होतं ते सगळं
हत्तुरेंच्या बोळातच संपलं होतं.

झोपलाय असं वाटलं मला.
डोळे मिटूनच तो म्हणाला,
क्लचवरचा पाय काढ.

खाली पाहिलं. खरंच की,
डावा पाय तिथंच, हलका दाबून,
पुढच्या सायकलीची, पुढच्या पोराची वाट बघत.

काढ. अजून तू अशोक चौकातच आहेस.

काढला.
कुठं ठेवायचा कळेना.

उमरग्याच्या ढाब्यावर भूदेवीचा फोन.
कुठवर आलात?
नाव सांगितलं. तिनं कधी पाहिलं नव्हतं ते गाव,
मीही आत्ताच पाहत होतो.
आज दीडशे विड्या कमी भरल्या, म्हणाली.
का, ते नाही म्हणाली.

उजाडताना पाट्या बदलल्या.
आमच्या घरात हीच भाषा.
हिच्यात आम्ही भांडतो, पाळण्यात नाव ठेवतो, रडतो.
आजोबा याच रस्त्यानं आले,
पिशवीत म्हणे एक धोटा आणि एक धोतर.
आणि मला एक अक्षर वाचता येत नाही.
कोनावरून सूत सुटावं तशी गोल गोल ओळ
काचेवर येते, जाते.

मैनोद्दीनला भाषा येत नाही, पाट्या येतात.
तो दोन गोलांवर तुरा दिसला की डिझेल, म्हणतो.
शेपटी खाली गेलेलं आलं की वजनकाटा, वेग कमी कर.
मी विचारत राहतो, तो सांगत राहतो,
माझीच भाषा मला.

टपरीवर मात्र मी बोललो.
चहावाला थांबला, किटली हातात तशीच.
तुमचं बोलणं जुनं आहे, म्हणाला,
आमच्याकडं आता असं कुणी बोलत नाही.
कुठले?
सोलापूरचा.
लाइनवर नवीन?

मैनोद्दीनकडं बघितलं. तो बिस्कीट बुडवत होता.
डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या,
मी तो जमिनीवर दोनदा आपटला.